मागचे टायर आतून झिजतात म्हणून सिव्हिकचे वरचे आर्म कापून अ‍ॅडजस्टेबल करून घ्यावेत का?

कापू नका. निदान टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ रेषेपासून किती आत-बाहेर वळलंय ते, तपासल्याशिवाय तर नाहीच.

तुमची 2008 ची सिव्हिक लोअर केलेली आहे, मागचे टायर आतल्या काठाला झिजतायत आणि फॅब्रिकेटर वरचे आर्म, म्हणजे मागच्या चाकाची वरची बाजू गाडीला धरून ठेवणारे दांडे, कापून, मध्ये आट्यांचा तुकडा वेल्ड करून द्यायला तयार आहे. गाडी खाली बसली की मागच्या चाकांची वरची बाजू आत झुकते, म्हणजे निगेटिव्ह कँबर वाढतो, हे खरंच. पण नुसत्या कँबरने टायर इतक्या लवकर संपत नाही. कँबर भार आतल्या काठावर आणून ठेवतो, घासतो तो टो. चाक अर्धा अंश तिरपं धावत असेल तर दर किलोमीटरला टायर जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवा फरफटतो! टायरच्या नक्षीवरून हात आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत, फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर दोष टोचा.

या गाडीला मागचा टो जुळवायची सोय कंपनीनेच दिली आहे. त्यासाठीचा बोल्ट बऱ्याचदा गंजून बसलेला असतो, मग अलाइनमेंटवाले ‘मागचं होत नाही’ म्हणून पुढचं करून पैसे घेतात. मोजमापांचे आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागून घ्या.

कँबरला मात्र अशी सोय नाही. टो जुळल्यावरही झीज थांबली नाही तर आर्मकडे वळा. जागा तुमच्या फॅब्रिकेटरने बरोबर हेरली आहे. अमेरिकेत 2006-07 च्या सिव्हिकमध्ये याच तक्रारीवर होंडाने मागचे वरचे आर्मच बदलायला सांगितले होते. पण हिशोब करा: वरच्या आणि खालच्या सांध्यांत उभं अंतर 300 मिमी धरलं, तर एक अंशासाठी आर्म जेमतेम 5 मिमी लांब करायचाय. एवढ्यासाठी मूळ आर्म कापायचा आणि आपल्या खड्ड्यांचे हिसके त्या वेल्डवर सोडायचे? तडा जातो तो बहुधा वेल्डच्या अगदी शेजारी, आणि तो वरून दिसतही नाही.

त्यापेक्षा तयार आर्म घ्या, टर्नबकलवाला, म्हणजे एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्याला उलटे. गाडीवरच फिरवून लांबी बदलता येते. टोकांना रबरी बुश असलेलाच बघा. रेसिंगचे उघडे रॉड एंड, म्हणजे रबर नसलेले धातूचे सांधे, धुळीत आणि पावसाळ्यात लवकर खडखडायला लागतात. आटे बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी आत राहायला हवेत आणि चेकनट, म्हणजे आटे फिरू न देणारा नट, घट्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा इन्शुरन्सवाल्यांनाही आधी विचारा.

बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर, पूर्ण वजन चाकांवर असताना. लिफ्टवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर आधी कँबर, मग टो. कँबर हलवला की टो हलतोच, त्यामुळे हा क्रम उलटा झाला तर अलाइनमेंट पुन्हा करावं लागेल.