चॅटजीपीटीला श्रावण विचारला की तो उत्तरेतला सांगतो
(वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार ताई, मी कराडची. घरूनच कांदा-लसूण मसाला, भाजणी, चटण्या विकते. इन्स्टाला पेज आहे, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकं आहेत, पण रोज टाकायचं काय? रात्री भांडी आवरून फोन घेऊन बसते आणि तासभर नुसती दुसऱ्यांची रील्स बघण्यात जातो. मुलगी म्हणाली चॅटजीपीटीला सांग. सांगितलं, तर त्याने दिलं 'आईच्या मायेची चव, आता तुमच्या ताटात!' आणि वर इमोजींची रांग. असलं तर सगळ्यांच्याच पेजवर असतं. याने खरंच वेळ वाचतो का हो?

उत्तर: वाचतो ताई, पण रोज रात्री एक पोस्ट मागत बसलात तर अजिबात नाही, कारण मग रोज नव्याने समजावून सांगा, रोज ते 'मायेची चव' खोडा, त्यापेक्षा स्वतः दोन ओळी लिहिलेल्या परवडतात. महिन्यातून एकदा निवांत बसा आणि अख्खा महिना एकदम लावून घ्या. चॅटजीपीटी घ्या, जेमिनी घ्या नाहीतर व्हॉट्सॲपमधलाच मेटा एआय, या कामाला कुठलाही चालतो, फुकटवाला सुद्धा.

आता 'मायेची चव' का आली? कारण तुम्ही त्याला काही दिलंच नाही. त्याला फक्त 'मसाला' आणि 'घरगुती' एवढंच माहिती, मग तो जगातल्या सगळ्या घरगुती मसाल्यांना चालेल असंच लिहिणार ना. म्हणून पहिला मेसेज असा टाका: 'मी कराडमध्ये घरी मसाला करून विकते. आधी मला दहा प्रश्न विचार, एका वेळी एकच, सगळी उत्तरं मिळेपर्यंत काहीही लिहू नकोस.' आणि उत्तरं टाइप करू नका, कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, जसं शेजारणीला सांगाल तसं. संकेश्वरी मिरची किती घालता, ब्याडगी रंगासाठी किती, खोबरं कधी भाजता, मसाला डंकावर कुटून आणता का घरी मिक्सरवर करता, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं आईकडून डबा भरून नेतात का थेट तुमच्याकडून मागवतात, आणि हो, गिऱ्हाइकं कटकट काय करतात तेही सांगा. 'मागच्या खेपेला तिखट कमी होता' या एका तक्रारीतून तीन पोस्ट निघतात: यंदाची मिरची कशी निघाली, तिखट आणि मध्यम यात फरक काय, आणि मटणाला किती चमचे, उसळीला किती.

मग त्याला तक्ता मागा: तारीख, विषय, रील का फोटो का स्टेटस, आणि शूट काय करायचं. हा शेवटचा रकाना विसरू नका. खरा वेळ तिथेच वाचतो, कारण ज्या दिवशी मसाला करणारच आहात त्याच दिवशी मिरच्या वाळत घातलेल्या, कांदा तळताना, बरणीत भरताना असे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेऊन ठेवायचे आणि महिनाभर पुरवायचे. पोस्ट आधीच लावून ठेवायला मेटा बिझनेस सूट आहे, फेसबुक-इन्स्टा दोन्हीला चालतं, पैसे लागत नाहीत.

भाषेचं म्हणाल तर तुम्ही गिऱ्हाइकांना पाठवलेले आठ-दहा खरे मेसेज त्याला पेस्ट करून द्या आणि सांगा असंच लिही, आणि 'माया, अस्सल, पारंपरिक, खास तुमच्यासाठी' हे शब्द बंद. पेस्ट करण्याआधी नाव, नंबर, पत्ता काढा मात्र. लोकांचे नंबर चॅटबॉटला द्यायचे नसतात. तरीही पहिली ओळ स्वतःच लिहा असं माझं मत, कारण इन्स्टावर कॅप्शन 2,200 अक्षरांचं चालत असलं तरी 'मोअर' दाबायच्या आधी दिसते ती पहिली ओळच.

आता सणांचं बघा, इथे मी जरा जास्त बोलणार आहे. हे चॅटबॉट बरेचदा उत्तरेकडचं कॅलेंडर धरून चालतात. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला, त्यामुळे 2026 मध्ये तिकडचा सावन 30 जुलैला सुरू आणि आपला श्रावण 13 ऑगस्टला. म्हणजे त्याच्या तक्त्याप्रमाणे तुम्ही उपवासाच्या भाजणीचं रील टाकणार आणि आपल्याकडे लोकांची अजून गटारी व्हायची असणार! 2025 च्या लक्ष्मीपूजनाचं पण तेच, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी 20 ऑक्टोबरला झालं, आपल्या पंचांगांत 21 ला होतं. तेव्हा तारखा त्याच्याकडून घेऊच नका. भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून तुम्हीच त्याला तारखा द्या. तिथे तुम्हाला असंही काही सापडेल जे तो आपणहून सुचवेल असं मला वाटत नाही. 2026 मध्येच 17 मे ते 15 जून अधिक महिना, म्हणजे जावयाला अनारशांचं वाण, तेहतीस नग, आणि आता किती घरांत अनारशाचं पीठ करून ठेवतात? भाजणी करताच आहात तर हेही करून बघा की.

एक राहिलंच. तो उत्साहात 'पचन सुधारतो', 'शंभर टक्के ऑरगॅनिक' असं काहीबाही घालतो, ते खोडाच. ऑरगॅनिक म्हणायला सर्टिफिकेट लागतं, आणि मसाल्याने आजार बरा होतो असलं तर लिहायचंच नाही. किंमत, वजन, कुरिअरचे दिवस सुद्धा एकदा तपासा, तो मनाने पण टाकतो.

व्हॉट्सॲपला वेगळं काही लिहू नका, त्याच रीलचे तुकडे स्टेटसला. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम पण वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून पार्सलमध्ये 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाका. हे काम काही एआय करून देत नाही.

प्रश्न: ताई, मी ठाण्यातल्या एका मंडळाचं पेज बघतो. एआयने गणपतीचं पोस्टर केलं तर बाप्पाला पाच हात आले आणि 'श्री' कसलं तरी भलतंच आलं. पोरं हसतायत. काय करू?

उत्तर: दादा, एआयकडून फक्त मागचं चित्र घ्यायचं, कमान, फुलं, दिवे वगैरे, आणि त्याला स्पष्ट सांगायचं की चित्रात एकही अक्षर नको. अक्षरं नंतर कॅनव्हा या पोस्टर करायच्या ॲपमध्ये टाका, देवनागरी फॉन्ट भरपूर आहेत तिथे. चित्रात जोडाक्षरं काढायला सांगितली की ही टूल्स अजूनही गडबडतात. आणि बाप्पा एआयचा कशाला हवाय? तुमच्या मूर्तीचा मागच्या वर्षीचा फोटो लावा ना, लोक तोच बघायला येतात.

प्रश्न: एआयने लिहिलंय असं पोस्टवर सांगावं लागतं का?

उत्तर: नुसत्या कॅप्शनला इन्स्टावर लेबल मागत नाहीत. पण खरा वाटेल असा व्हिडिओ किंवा खऱ्या माणसासारखा आवाज एआयने केला असेल तर इन्स्टा चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या नियमाप्रमाणे लेबल लावायचं, पोस्ट करतानाच तो पर्याय दिसतो. खोट्या गिऱ्हाइकाचा एआय व्हिडिओ करून 'मसाला एक नंबर' म्हणायला लावायचा विचार असेल तर लेबल लावून सुद्धा करू नका.