नवी छऱ्याची बंदूक आणि बशीएवढा ग्रुप

प्रश्न : बाई, मी साडेपाच हजारांना छऱ्याची बंदूक घेतली. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून भरायची असते, ती. स्पर्धा वगैरे काही नाही, परसात १० मीटरवर कागद लावून हौसेने नेम धरतो. पहिल्याच दिवशी नळीतून धूर आला, जळक्या तेलाचा वास सुटला आणि छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत विखुरले. बंदुकीत दोष आहे की माझ्या हातात? परत करू का? – एक वाचक, कराड

उत्तर : परत करू नका. निदान अजून २०० छर्रे झाडून होईपर्यंत तरी थांबा.

याच किमतीतली बंदूक मी गेल्या दिवाळीत नातीसाठी घेतली. खोकं उघडलं तेव्हा आधी वजन जाणवलं. दस्ता लाकडी नाही, पण हातात भरीव वाटला. माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा खुंट, प्लॅस्टिकची आहे, ते मला आवडलं नाही. चाप जड, आणि सुटण्याआधी बराच लांब सरकतो. पहिल्या छऱ्याला असा फटाक्यासारखा आवाज झाला की शेजारच्या काकू गच्चीत आल्या. तुमच्यासारखाच धूर आणि तोच वास.

त्याचं कारण साधं आहे. कारखान्यातून येताना आत तेल-ग्रीस सढळ हाताने लावलेलं असतं. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि तिच्यातलं तेल पेटतं. डिझेल इंजिनात होतं तेच, म्हणून याला डिझेलिंग म्हणतात. प्रत्येक वेळी तेल सारखं जळत नाही, त्यामुळे एक छर्रा जोरात जातो, पुढचा हळू, आणि कागदावर ते वर-खाली लागतात. नळी कोरड्या कापडाने पुसून घ्या आणि झाडत राहा, तेल जळून संपतं. काही जण जोर वाढावा म्हणून मुद्दाम तेलाचे थेंब सोडतात. कृपा करून तसं करू नका. पिस्टनचं सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

आता हाताबद्दल, कारण माझी स्वतःची चूक तिथेच होती. मी नेमबाजी शिकले एनसीसीत, .२२ रायफलीवर. जमिनीवर पालथं पडून २५ यार्डांवर ग्रुप काढायचा, म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ पाडायच्या. दस्ता खांद्यात घट्ट रोवा, हे उस्तादांनी इतकं घोकून घेतलं होतं की चाळीस वर्षांनीही हात तसाच आवळतो. या बंदुकीला नेमकं तेच चालत नाही. छर्रा अजून नळीतच असतो, तोवर आतला पिस्टन पुढे धावत असतो आणि बंदूक आधी मागे, मग पुढे अशी दोनदा हलते. तुम्ही जितकं घट्ट आवळाल तितकं ते हलणं दरवेळी वेगळं होतं. डावा तळहात उघडा ठेवा, बंदूक त्यावर नुसती टेकू द्या, बोटांनी पकडू नका. खांद्यालाही हलकीच लावा. तळहाताची जागा मात्र रोज तीच हवी. मी दस्त्याखाली खडूची खूण केली आहे.

आणखी एक. दस्त्याचे स्क्रू तपासा, पुढचे दोन आणि चापाजवळचा. माझे तिन्ही ढिले होते. ते आवळले, हात सैल केला, आणि तिसऱ्या दिवशी, १८० एक छर्रे झाल्यावर, पाच छर्रे दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे पाचही काळ्यात. या पैशांत मला ते भरपूर वाटलं. मधला १० गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्याची अपेक्षा इथे धरू नका. ऑलिंपिकमधल्या एअर रायफली आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात, त्यांत असा धावणारा पिस्टनच नसतो.

छर्रे सपाट तोंडाचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. दोन-तीन प्रकार आणून बघा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी. एवढं करून, ५०० छऱ्यांनंतरही बशीच राहिली, तर खुशाल दुकानात जा आणि भांडा.

प्रश्न : वानरं आमच्या नारळाची आणि केळीची पार नासाडी करतात. जीव न घेता नुसतं हाकलायला ही बंदूक चालेल का? – एक बागायतदार, चिपळूण

उत्तर : नाही. तुमचं नुकसान खरं आहे, कोकणात माझं माहेर आहे, केळीचा घड एका सकाळीत गेलेला मी पाहिला आहे. पण छर्रा जीव घेत नाही हा गैरसमज आहे. तो मांसात रुततो, जखम चिघळते आणि जनावर चार-आठ दिवसांनी कुठेतरी झाडीत तडफडून मरतं. वानरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पक्ष्यांवरही नेम धरू नका. वन विभागाकडे अर्ज करा.

प्रश्न : परवाना लागतो का? आणि फ्लॅटच्या गच्चीत टार्गेट लावलं तर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नळीचं भोक ४.५ मिलिमीटरचं आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर १० ज्यूल होतात, हौशी बंदुका साधारण इथेच असतात. मात्र १० ज्यूलमध्ये डोळा जातो, हे विसरू नका. म्हणून उघड्या गच्चीत, जिथे टार्गेटच्या मागे आकाश किंवा समोरची इमारत आहे, तिथे अजिबात नको. उघडी भिंतही नको, छर्रा उलटून येतो. आम्ही जाड लाकडी खोक्यात रद्दी ठासून भरली आहे, मागे पक्की भिंत आहे आणि नात चष्मा घातल्याशिवाय बंदुकीला हात लावत नाही. नळी मोडलेली असताना दुसऱ्या हाताने ती धरूनच छर्रा भरायचा, चाप चुकून सुटला तर बोटं जातात. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा खेळ झाला की साबणाने हात धुऊन मगच चहा-बिस्किट.