नोटेवरचं तळं

मागच्या अंकात मी पेरू देशातल्या वाकाचीनाबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते. राजधानी लिमाच्या दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर, इका शहराला खेटून, चहूबाजूंनी वाळूच्या डोंगरांनी वेढलेलं एक तळं आणि काठावर जेमतेम शंभरेक माणसांची कायमची वस्ती. त्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच देते.

ताई, मला शाळेपासून नोटा जमवायचा नाद आहे. माझ्याकडे पेरूची पन्नासची नोट आहे, तिच्या मागे ताडासारखी झाडं आणि एक तळं. हेच का ते? पण ते तळं आटलं असून आता त्यात पंपाने पाणी सोडतात असं वाचलं. मग एवढ्या लांब जाऊन बघायचं काय?
*(निवृत्त बँक कर्मचारी, वय ६१)*

हेच ते. नोटेच्या दर्शनी बाजूला जो चेहरा आहे तो लेखक अब्राहम वाल्देलोमार यांचा. त्यांचा जन्म इकाचाच, १८८८ सालचा. तुमच्या नोटेवर चलनाचं नाव ‘नुएव्हो सोल’ असेल. २०१५च्या डिसेंबरपासून ते नुसतं ‘सोल’ झालं, आणि २०२२मध्ये पन्नासची नवी नोट आली, तिच्यावर इतिहासकार मारिया रोस्तवोरोव्स्की आणि मागे जग्वार. तळं तर त्याच्याही आधी, वाल्देलोमारांच्याच नंतरच्या नोटांवरून गेलं होतं. तुमची जपून ठेवा.

आता पाण्याचं. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ‘थंड सागरी प्रवाहांच्या किनाऱ्याला वाळवंटं असतात’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन, आणि पुढे कंसात ‘हम्बोल्ट प्रवाह, पेरू’. हा प्रवाह किनाऱ्याची हवा इतकी गार ठेवतो की ढग जमले तरी पाऊस होत नाही. दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वत ॲमेझॉनकडून येणारी वाफ अडवतो. दोन्हींच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात इका. पण त्याच अँडीजवर पडलेलं पाणी इका नदीने खाली येतं, वाळूत मुरतं आणि जमिनीखालून सरकत राहतं. वाकाचीनाच्या टेकड्यांमधला खळगा इतका खोल होता की तिथे ते पाणी आपोआप वर यायचं. पाठ्यपुस्तकातलं मरूद्यान ते हेच.

मग इकाच्या खोऱ्यात विहिरी वाढल्या. द्राक्षं आणि परदेशी जाणारी शतावरीची भाजी (ॲस्परॅगस) यांच्यासाठी मैलोन्‌मैल हिरवे पट्टे उभे राहिले. वाळवंटातली ही हिरवाई मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर जगते. पाण्याची पातळी खाली गेली तसं तळंही खाली गेलं. आता पातळी टिकवायला पाणी आणून सोडावं लागतं, हे तुम्ही वाचलंत ते खरं आहे.

मी राहिले त्या घरातल्या आजींना मी हाच प्रश्न विचारला होता, माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये. त्यांच्या लहानपणी लिमाची श्रीमंत माणसं इथे हवापालटाला यायची, पाणी औषधी म्हणून त्यात तासन्‌तास बसायची. आजी मला काठावर घेऊन गेल्या, हिरव्या पाण्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘आधी ते स्वतः चालत यायचं, आता आम्ही हात धरून आणतो.’ मला तळं खोटं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला आधार दिला म्हणून ते माणूस बदलत नाही. बघायचं काय, असं विचारता, तर हेच: एका खोऱ्याने पाणी उपसलं की काय होतं हे अर्ध्या तासात पायी फिरून डोळ्यांनी दिसेल अशी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. इकाहून येताना शेतं दिसतात, वळण घेतलं की वाळू, आणि वाळूच्या तळाशी ते.

नावाची गोष्टही ऐकून ठेवा. तिथल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेत ‘वाकाय’ म्हणजे रडणं, ‘चिना’ म्हणजे मुलगी. आरशात आपल्यामागे कुणी पुरुष येताना दिसला म्हणून एक राजकन्या पळाली, आरसा पडला त्याचं तळं झालं, पांघरुणाच्या चुण्यांच्या टेकड्या झाल्या, असं तिथले लोक सांगतात. संध्याकाळी कडेने ऊन पडलं की टेकड्यांवर खरोखर चुण्या दिसतात.

आम्ही दोघी मैत्रिणी पाठीवर सॅक घेऊन दक्षिण अमेरिका फिरणार आहोत. लिमाहून वाकाचीना एका दिवसात उरकता येईल का? वाळूवर चालणाऱ्या मोटारबग्गीची सफर सुरक्षित असते का?
*(दोन अभियंता, वय २६ आणि २७)*

उरकता येईल. पण उरकू नका. तळमळीने सांगते, दोन रात्री द्या.

एका दिवसाच्या सहलीत तुम्ही दुपारी पोचता, बग्गीत बसता, सूर्य मावळला की परतीच्या बसमध्ये. म्हणजे जी वेळ तिथे सगळ्यांत गर्दीची, तेवढीच बघता. पहाटे पाचला टेकडीवर एकही इंजिन नसतं. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीचे चाकांचे माग बरेचसे पुसलेले असतात, वाळू पायाला गार लागते, खाली तळं काळंभोर आणि सगळी वस्ती झोपलेली. मी दोन्ही दिवस चढले. चार पावलं वर जावं तर दोन पावलं खाली घसरायला होतं, म्हणून उतारावर सरळ न चढता धारेवरून चाला. तिथे वाळू घट्ट असते. मला वर पोचायला चाळीस मिनिटं लागली, तुम्हाला कमी लागतील. पलीकडच्या बाजूला इका शहराचे दिवे दिसतात, तेव्हा कळतं की हे वाळवंट शहराच्या परसात आहे.

जाणं सोपं आहे. लिमातल्या बहुतेक बस कंपन्यांचे आपापले स्वतंत्र थांबे आहेत, त्यामुळे तिकिटावर कोणता थांबा लिहिलाय ते नीट वाचा. तिकिटासाठी पासपोर्ट लागतो. बस पॅनअमेरिकन महामार्गाने जाते, साडेचार-पाच तास धरा. उजवीकडची खिडकी मागा, बराच वेळ पॅसिफिक सोबत असतो. बस वाकाचीनाला जात नाही, इकाला थांबते. तिथून पाच किलोमीटर मोटोटॅक्सीने, म्हणजे तीनचाकीने. मी आठ सोल दिले, बसण्याआधी ठरवून. थांब्याबाहेर ‘तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरं दाखवतो’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे पुढे चला. मला म्हणाले होते. हॉटेल उघडंच होतं.

पैसे इकातच काढा आणि जमेल तिथे मोठी नोट मोडून घ्या. सुट्ट्या पैशांना तिथे ‘सेन्सियो’ म्हणतात, हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडेल.

बग्गीला तिथे ‘तुबुलार’ म्हणतात, लोखंडी नळ्यांचा पिंजरा असलेली उघडी गाडी. चारच्या सुमाराची सफर घ्या, सूर्यास्त साधतो. सफरीच्या भाड्याशिवाय वाळूत शिरताना पालिकेचे थोडे सोल वेगळे द्यावे लागतात, ती फसवणूक नव्हे. सुरक्षिततेचं म्हणाल तर गाडी उलटल्याचे अपघात होतात, म्हणून तुम्ही स्वतः तीन गोष्टी बघा. पट्टा खांद्यांवरून येतो का आणि खटका खरंच लागतो का, पिंजऱ्याच्या नळ्यांना भेगा नाहीत ना, आणि चालक शुद्धीत, शांत आहे ना. माझ्या पहिल्या गाडीत माझ्या जागेचा पट्टा नुसताच मांडीवर टाकलेला होता, दुसरं टोकच नव्हतं. मी उतरले, पैसे परत मागितले, थोडी वादावादी झाली, आणि पुढच्या गाडीत बसले. तुम्हीही लाजू नका. ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’ हे पाठ करा, म्हणजे जरा हळू चालवा.

वाळूवरून फळीने घसरताना पहिल्यांदा पोटावर झोपूनच जा. कोपरं अंगाशी, पाय मागे पसरलेले. वेग वाढला की पायांची बोटं वाळूत रुतवायची, तोच ब्रेक. फळीच्या तळाला मेण घासून देतात का ते बघा, नाहीतर ती मध्येच अडते. फोन झिपच्या पिशवीत. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला. दुपारनंतर वारा उठतो आणि वाळू पापणीच्या आत जाते.

उरलेला एक दिवस पाराकासला द्या. इकाहून सव्वा तासावर समुद्र, १९७५पासूनचं राखीव क्षेत्र, बायेस्तास बेटांवर सागरी सिंह आणि पेंग्विन. त्याच किनाऱ्यावर थंड प्रवाह आणि वाळवंट एकमेकांना चिकटलेले दिसतात. मी तिथे वर्गातल्या मुलांची फार आठवण काढली.

मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही. पण ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून थांबू नका, कारण कार्ने म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी फक्त लाल मांस, आणि ताटात कोंबडी येते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे कोंबडी आणि मासेही नकोत, असं तिन्ही म्हणा. दुपारच्या ‘मेनू’ नावाच्या स्वस्त थाळीतलं सूप बहुधा मांसाच्या पाण्याचं असतं, ते सोडा. इकाचं खास कडधान्य म्हणजे ‘पायारेस’. आपण ज्याला डबल बी म्हणतो तेच दाणे. भाताबरोबर मिळाले तर पोट भरतं आणि मनही. गोड हवं तर ‘तेखास’ घ्या: आत सुकामेवा आणि आटवलेलं दूध, वर साखरेचं पांढरं कवच.

व्हिसाचं काय? आणि लस लागते का?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा, निदान सहा महिने मुदत असलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७पासून आहे. नसेल तर नवी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज. निघण्याआधी दूतावासाकडून सद्यस्थिती विचारून घ्या.

लसीबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, बरेच जण विचारत नाहीत, आणि अडचण तिथेच होते. इकाच्या कोरड्या पट्ट्यात पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका नाही, म्हणून लोक लस घेत नाहीत. पण भारताच्या यादीत अख्खा पेरू देश पीतज्वराचा आहे. पेरू सोडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. माझ्या पुढे रांगेत एक मुलगा होता, लग्नघरी जायला निघालेला. त्याला बाजूला बसवलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. लस अधिकृत केंद्रातच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठी उलटली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पहिल्या पत्रातल्या बँकवाल्या वाचकांनाही हे लागू.

ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. टेकडी चढता येणार नाही. तरी यजमानांबरोबर जावं का?
*(गृहिणी, वय ५८)*

जा. बग्गीत बसू नका, धक्के फार बसतात. टेकडीही सोडा. तळ्याभोवती फरसबंदी वाट आहे, हळूहळू चाललात तरी अर्ध्या तासात फेरी होते, मध्ये बाकं आहेत आणि वारांगो नावाच्या काटेरी झाडांची सावली आहे. ही झाडं आपली मुळं फार खोल पाण्यापर्यंत नेतात, म्हणून वाळवंटात तगतात. डिसेंबर ते मार्च ऊन कडक असतं. तुम्ही जून ते ऑगस्ट निवडा, लिमात तेव्हा धुक्याने आभाळ दिसत नाही, पण इकात बहुधा लख्ख असतं. संध्याकाळी शाल लागेल.

सकाळी सहाला बाकावर जाऊन बसा. यजमानांना चढू द्या वर, ते धारेवर पोचले की मुंगीएवढे दिसतील, हात हलवतील. त्याच वेळी काठावर झाडू घेतलेला एक माणूस असतो. रात्रभरात वाऱ्याने पायऱ्यांवर आणलेली वाळू तो रोज लोटून परत टेकडीच्या बाजूला टाकतो. मी दोन्ही सकाळी त्याला ‘बुएनोस दीआस’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी बाक आधीच झाडून ठेवला होता.