रावेरच्या आमच्या केळी-भावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज सरकारला वाचता येतात का?

वाटेत अडवून नाही वाचता येत. पण ग्रुपमधल्या एकाचाही उघडा फोन हाती लागला की सगळं वाचता येतं. २०१६ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो, किल्ली घेणाऱ्यांच्या फोनवर असते, कंपनीकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९ खाली गृहसचिवांचा आदेश आला, तरी कंपनीकडून मिळणार ती कोण कोणाशी कधी बोललं अशी वरवरची माहिती. (तेवढ्यावरूनही कोणाची गाडी कोणत्या व्यापाऱ्याकडे भरली याचा अंदाज येतोच म्हणा!) मेख बॅकअपमध्ये आहे: गूगल ड्राइव्हवरच्या प्रतीला हे कुलूप आपोआप लागेलच असं नाही, सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपचं एन्क्रिप्शन (म्हणजे हेच कुलूप) चालू आहे का ते बघा. २०२१ पासून ती सोय आहे.