‘निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष’ हे प्रत्यक्षात कुठे वापरतात का?

शाळेत पाठ केलेल्या या चार शब्दांचा खऱ्या आयुष्यात उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. माझं आवडतं उदाहरण पुण्याचं आहे आणि त्यात एकही परीक्षानळी नाही.

२००८ साली जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे यांच्यासोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. ‘ज्योतिष खरं की खोटं’ यावर फक्त भांडता येतं. म्हणून त्यांनी छोटा प्रश्न निवडला: कुंडलीवरून मूल हुशार आहे की त्याला बौद्धिक अपंगत्व आहे, हे ओळखता येतं का? दोन्ही गटांतल्या शंभर-शंभर मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या एकूण ४० पाठवल्या. कोणती कुंडली कुणाची, ही यादी विद्यापीठात बंद. चाचणी घेणाऱ्यांनाही ती माहीत नव्हती, म्हणजे नकळत इशारा जायलाही वाव नाही.

आता गंमत. डोळे मिटून ठोकून दिलं तरी ४० पैकी सरासरी २० उत्तरं बरोबर येतात. त्यामुळे २२-२३ आले तर टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही. निदान २८ बरोबर आले तरच दावा मानायचा, असं आधीच ठरलं होतं. नुसत्या नशिबाने २८ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. मला विचाराल तर सगळ्या पद्धतीचा जीव या ‘आधीच’मध्ये आहे. निकाल बघून मग रेघ ओढायची म्हटली तर कुणीही पास होईल.

२७ ज्योतिषांनी उत्तरं दिली. सरासरी २० च्याही खाली. सर्वांत जास्त गुण २४, म्हणजे ६० टक्के! एवढ्यावर बातमी सहज झाली असती. पण २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतल्या तीन-चार जणांचे २४ किंवा जास्त येणं अपेक्षितच आहे. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या. १०२ बरोबर आल्या.

लग्न, नोकरी, परदेशगमन यांच्या भाकितांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. तपासला तो फक्त बुद्धिमत्तेचा दावा. ‘खरे जाणकार यात नव्हतेच’ असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. त्यांनी जाणकारांची नावं आधी द्यावीत, किती चुकल्यावर हार मानणार तेही लिहून द्यावं, आणि नव्या कुंडल्या मागवाव्यात.