एकाच फुग्यासाठी तीन तपासण्या कशाला?

प्रश्न : आईच्या (वय ५४) मेंदूत, डाव्या डोळ्याच्या नसेजवळ रक्तवाहिनीला ७ मिमीचा फुगा आहे, फुटलेला नाही. परभणीत सीटी अँजिओग्राफी झाली. आता छत्रपती संभाजीनगरचे डॉक्टर एमआरआय आणि डीएसए करा म्हणतात. तेच ते पुन्हा नाही का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो नि मज्जातंतूलाही, घोळ तिथूनच होतो. सीटी अँजिओत रक्तवाहिनी आणि हाड चांगलं दिसतं, ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू, नीट दिसत नाही. पण हाडही महत्त्वाचं. ऑपरेशनमध्ये फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो रक्तवाहिनीला जोडलेला असतो तिथे, क्लिप (छोटा चिमटा) लावून तो बंद करतात. फुग्यापर्यंत पोचायला बहुधा क्लिनॉइड नावाचं हाडाचं टोक ड्रिलने काढावं लागतं. त्यात हवेचा कप्पा असला तर नंतर नाकातून मेंदूतलं पाणी गळू शकतं. फुग्याच्या मानेत कॅल्शियम साचलं असेल तर क्लिप पूर्ण मिटत नाही. ही दोन्ही सीटीतच कळतात.

नर्व्ह दिसते एमआरआयमध्ये, तीही १ मिमीपेक्षा पातळ कापांच्या खास टी-टू सिक्वेन्समध्ये (एमआरआय चित्र घेण्याची एक पद्धत). फुग्याने ती वर ढकललीय की आतल्या बाजूला, हे तिथे समजतं. डीएसए हीही अँजिओग्राफीच, पण तीत जांघेतून किंवा मनगटातून रक्तवाहिनीत नळी घालून थ्रीडी चित्र घेतात. डोळ्याला रक्त नेणारी बारीक धमनी फुग्याच्या मानेतून निघते की शेजारून, ते त्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. ती क्लिपमध्ये सापडली तर दृष्टी जाऊ शकते. मात्र डीएसए फक्त वाहतं रक्त दाखवते. फुग्यात गुठळी असेल तर फुगा आहे त्याहून लहान भासतो.

मग कॉम्प्युटरवर तिन्ही चित्रं एकावर एक बसवतात. नर्व्हच जेमतेम ३-४ मिमी जाड, त्यामुळे जुळणी २ मिमीने हुकली तरी ती भलत्याच जागी दिसते. पेशंट हलला किंवा काप जाड घेतले की असं होतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीची वळणं तिन्हींत तंतोतंत जुळतात का, हे सर्जन स्वतः तपासतात.

परभणीच्या तपासणीची डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रांची) मागून घ्या. फिल्म किंवा मोबाईलवरचा फोटो इथे कामाचा नाही. काप पातळ असतील तर सीटी पुन्हा करावी लागणार नाही. डायच्या (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात त्या औषधाच्या) आधी किडनीसाठीचं क्रिएटिनिन तपासा, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. एमआरआयआधी पेसमेकर किंवा अंगातल्या धातूबद्दलही. डोळ्यांची फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजणारी) ऑपरेशनआधीच करून ठेवा, नंतर तुलनेला तीच लागते. अचानक असह्य डोकेदुखी झाली किंवा पापणी पडली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्या.