स्त्री-आरोग्यातल्या प्रशिक्षणाला आणि संशोधनाला मदत करणारी संस्था नेमकं करते काय? (प्रश्न लातूरहून)

दवाखाना चालवणं हे तिचं मुख्य काम नसतं. ती हात तयार करते, म्हणजे डॉक्टरांना आणि गावातल्या बायकांना शिकवते. कायद्याप्रमाणे एमबीबीएस डॉक्टरला १२ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करायचा तर मान्यताप्राप्त केंद्रात २५ केसेसना मदत केलेली हवी, त्यातल्या किमान ५ स्वतः केलेल्या. त्याआधीचा सराव? पपईवर! आकार गर्भाशयासारखा, त्यामुळं गर्भपातात वापरतात त्याच हाताच्या सिरिंजनं आधी बिया ओढून काढायला शिकवतात. हसू येतं, पण हात पहिल्यांदा थरथरायचा तो पपईवरच थरथरलेला बरा.

संशोधनाचं म्हणाल तर गडचिरोलीच्या डॉक्टर बंग दांपत्याचा १९८९चा अभ्यास बघा. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. तोवर हे कुणी मोजलंच नव्हतं म्हणा ना.

आपल्याकडं तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. त्यांनी डॉक्टर नव्हे, तर गावातल्याच बायका शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणजे गावच्या आरोग्यसेविका केल्या. मला हे जास्त पटतं. अंगावरून जातंय हे बाई आधी शेजारणीलाच सांगते. आणि बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार आठवा; आधी असं कुणी विचारायला असतं तर किती ऑपरेशनं टळली असती.